चारचा प्रयोग आणि मग निवांत जेवण: मुंबईत नव्याने आलेल्या जोडप्यांसाठी नाटकाची संध्याकाळ

नोकरीमुळे किंवा लग्न होऊन मुंबईत आलेली जोडपी ओळखीत भेटली की एक प्रश्न हमखास येतो, शनिवार-रविवारी दोघांनी करायचं काय? मॉल फिरून झाले, पिक्चर घरी मोबाईलवर पण दिसतो, आणि मरीन ड्राईव्हला तरी किती वेळा जाणार. माझं उत्तर ठरलेलं आहे, नाटक बघा आणि बाहेर जेवा. नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगरहून आलेल्यांना नाटक माहीत असतंच, पण तिकडे प्रयोग कधीतरी येतो आणि इथे दर शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्यात कितीतरी प्रयोग चालू असतात, त्यामुळे कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. हे सगळं त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सुरुवातीला तरी रात्रीचा प्रयोग घेऊ नका, दुपारी चारचा घ्या. का ते खाली येतंच आहे.

नाटक कसं निवडायचं

शनिवार-रविवारच्या मराठी पेपरात नाटकांच्या जाहिराती येतात, त्या बघायची सवय लावून घ्या. हल्ली सगळं ॲपवर असतं हे खरंय पण पेपरातल्या जाहिरातींत एका नजरेत कळतं की कुठलं नाटक कुठल्या थिएटरला किती वाजता आहे, "शनि. दु. ४ दीनानाथ, रवि. रात्रौ ८ गडकरी" असं लिहिलेलं असतं. इथे नवीन माणसाचा एक गोंधळ होतो. पिक्चर जसा एका थिएटरला आठवडाभर लागतो तसं नाटकाचं नसतं, तेच नाटक आज दादरला, उद्या ठाण्याला आणि परवा डोंबिवलीला असतं, सेट टेम्पोत भरून सगळी टीम फिरत असते. त्यामुळे आवडीचं नाटक तुमच्या जवळ यायची वाट बघितली तर बहुतेक वेळा येतंच, त्यासाठी बोरिवलीहून कल्याणला जायची गरज नाही.

जाहिरातीत "विनोदी", "कौटुंबिक", "रहस्यमय" असं काहीतरी छापलेलं असतं, त्यावर फार विसंबू नका, कारण आपल्याकडे सगळ्याच नाटकांना थोडं हसू आणि थोडं रडू असतं. त्यापेक्षा लेखक-दिग्दर्शक कोण ते बघा. टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा आहे म्हणून तिकीट काढणारे बरेच असतात, ते चूक नाही, पण तो चेहरा कधी दोन तास स्टेजवर असतो आणि कधी वीस मिनिटं येऊन जातो. पहिल्यांदा जाणार असाल तर दोन अंकी, चार-पाच पात्रांचं, साधं घरात घडणारं नाटक घ्या. रहस्यनाटक पण जोडप्याला मस्त, कारण मध्यंतरात दोघं मिळून खुनी शोधता येतो. संगीत नाटक घ्यायचं तर दोघांपैकी एकाला तरी नाट्यसंगीताची आवड असू दे, नाहीतर पद रंगत जातं, वन्स मोअर मिळतो आणि शेजारचा माणूस घड्याळ बघत बसतो. प्रायोगिक नाटक दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बघा, ते वाईट असतं म्हणून नाही, पण पहिलंच डोक्यावरून गेलं तर जोडीदार पुन्हा यायला तयार होत नाही हो.

आमच्याकडे नियम आहे, एकदा नवऱ्याने निवडायचं आणि एकदा मी. त्याला विनोदी लागतं, मला रहस्य. ज्याची पाळी नसेल त्याने कुरकुर करायची नाही, निदान पडदा पडेपर्यंत.

चारचाच का

मुंबईत सुट्टीच्या दिवशी प्रयोगाच्या वेळा साधारण तीन असतात. सकाळी साडेदहा-अकरा, दुपारी साडेतीन-चार आणि रात्री साडेसात ते साडेआठच्या मधे कधीतरी. नाटक मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तास चालतं. आता हिशोब करा. रात्री आठचं नाटक म्हणजे पडदा पडायला साडेदहा, बाहेर यायला पावणेअकरा, आणि दादरची चांगली मराठी हॉटेलं तोपर्यंत शेवटच्या ऑर्डरी घेऊन खुर्च्या उचलायच्या मूडमध्ये असतात. लोकल मध्यरात्रीनंतरही असते, त्यामुळे घरी पोचायची काळजी नसते, काळजी असते ती पोटाची. मग लोक काय करतात तर सहालाच जेवून घेतात, भरल्या पोटी एसीत बसतात आणि दुसऱ्या अंकात डुलक्या काढतात. किंवा उपाशी बसतात आणि शेवटचा प्रवेश चालू असताना डोळ्यांपुढे थालीपीठ दिसायला लागतं.

चारच्या प्रयोगाला यातलं काहीच होत नाही. दुपारी एकला घरी हलकं जेवा, चारला नाटक, साडेसहाला बाहेर. हॉटेलात रात्रीची गर्दी सुरू व्हायच्या आत टेबल मिळतं, नाटकावर गप्पा मारायला अख्खी संध्याकाळ असते आणि सोमवारी ऑफिस असलं तरी दहाला घरी. शिवाय नट मंडळीही दुपारी ताजी असतात. रात्रीचा प्रयोग काही वेळा त्यांचा दिवसातला दुसरा असतो, तरी ते तो पूर्ण ताकदीने करतात, पण मला आपलं वाटतं की दुपारी आवाजात जास्त दम असतो.

सकाळचा प्रयोग मी सांगत नाही. रविवारी सकाळी आवरून बाहेर पडायचं म्हणजे कामावर गेल्यासारखंच, आणि नंतर दुपारच्या जेवणाला सगळीकडे रांग.

चारच्या प्रयोगात एकच खोड आहे, रविवारचा मेगाब्लॉक. तो साधारण अकरापासून दुपारी चार-साडेचारपर्यंत असतो, म्हणजे नेमका तुमच्या जायच्या वेळेला. शनिवारीच बघून ठेवा की कुठल्या मार्गावर आहे, आणि तुमच्या लाईनवर असेल तर तासभर आधी निघा. किंवा सरळ शनिवारचा प्रयोग घ्या.

तिकीट आणि सीट

ऑनलाईन काढायचं तर बुक माय शो आहे, शिवाय प्रशांत दामलेंनी सुरू केलेलं तिकिटालय नावाचं ॲप फक्त नाटक आणि अशाच कार्यक्रमांसाठी आहे, मराठीत आहे, आईबाबांना पण वापरता येतं. (हे तेच दामले, ज्यांनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये १२,५०० वा प्रयोग केला, तेव्हा ॲप कोणासाठी काढलंय ते त्यांना नीट माहीत असणार.) ऑनलाईनला वर थोडा चार्ज लागतो. तो नको असेल तर थिएटरवर जाऊन खिडकीवर तिकीट काढा. खिडकी साधारण सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, दुपारी बंद, त्यामुळे ऑफिसच्या लंच टाईममध्ये धावत जाऊन काही उपयोग नाही.

खिडकीवर जायचा माझ्या मते एक मोठा फायदा आहे. तिथला माणूस प्लॅन समोर ठेवतो, म्हणजे सीटचा नकाशा, आणि तुम्ही विचारलंत की "दोघं आहोत, नीट दिसेल असं द्या", तर तो खरंच नीट देतो. त्याला माहीत असतं कुठल्या सीटवरून स्टेजचा कोपरा कापला जातो, एसी थेट डोक्यावर कुठे येतो आणि कुठल्या रांगेत ग्रुप बुकिंग झालंय. ग्रुप बुकिंगच्या पुढच्या रांगेत बसू नका, मागे वीस जणांचा महिला मंडळाचा ग्रुप असेल तर संवादांबरोबर त्यांची कॉमेंट्री पण ऐकावी लागते. कधीकधी ती नाटकापेक्षा भारी असते ते सोडा.

सीट कुठली घ्यावी, तर पहिल्या दोन-तीन रांगा महाग असतात आणि मान वर करून बघावं लागतं, नटाच्या चपला दिसतात पण मागच्या दारात उभा असलेला माणूस दिसत नाही. पाचवी ते दहावी रांग, मधल्या भागात, हे उत्तम. बजेट कमी असेल तर तळमजल्याच्या शेवटच्या रांगांपेक्षा बाल्कनीची पहिली रांग घ्या, वरून सगळा सेट दिसतो, प्रकाशयोजना कळते, पैसे पण वाचतात. फक्त चेहऱ्यावरचे बारीक भाव नाही दिसणार. आणि दोघांपैकी कोणाला मधेच उठावं लागणार असेल, कॉल येणार असेल, तर कडेच्याच सीट मागा. आधीच सांगते पण, मधे उठून जाणं नाटकात फार वाईट दिसतं, स्टेजवरून सगळं दिसतं त्यांना.

थिएटर आणि आजूबाजूचं खाणं

सुरुवात दादरला करा. का, तर शिवाजी मंदिर. प्लाझा सिनेमाच्या समोर, स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चालत काही मिनिटांवर, १९६५ पासून मराठी नाटकाचं हे अगदी हक्काचं घर आहे. बाहेर नाटकांचे बोर्ड लावलेले असतात, प्रयोगाच्या आधी फुटपाथवर माणसं उभी असतात, आणि त्यातले निम्मे एकमेकांना ओळखत असतात असं वाटतं. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर जिन्यांचा विचार करा, दोघंच असाल तर प्रश्न नाही. ट्रेन नको असेल तर आता भुयारी मेट्रो पण आहे, मेट्रो ३ चं दादर स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबरपासून ती लाईन आरेपासून पार कफ परेडपर्यंत जाते. फक्त मेट्रो लोकलपेक्षा लवकर बंद होते हे रात्री लक्षात ठेवा, म्हणजे परत चारच्या प्रयोगाचीच बाजू झाली.

गाडी आणू नका. आणलीच तर कोहिनूर स्क्वेअरचं पार्किंग बघा आणि तिथून चालत या, गल्लीबोळात जागा शोधत फिरलात तर पहिला प्रवेश गेला समजा.

शिवाजी मंदिरच्या भोवती खायची चंगळ आहे. शिवसेना भवनासमोरचं आस्वाद, १९८६ पासूनचं, तिथली मिसळ २०१५ साली जगातली सर्वोत्तम शाकाहारी डिश म्हणून गाजली होती आणि तेव्हापासून रांग कमी झालेली नाही. मिसळ छानच आहे पण संध्याकाळी जेवायला गेलात तर मी म्हणेन थालीपीठ, डाळिंबी उसळ आणि कोथिंबीर वडी घ्या, दोघांत वाटून खा, आणि बोर्डवर त्या दिवसाचं स्पेशल काय आहे ते आधी वाचा. दारात नाव सांगून ठेवायचं आणि बोलावतील तेव्हा जायचं, रविवारी सातनंतर वीस-पंचवीस मिनिटं धरून चाला. त्याच भागात प्रकाश आहे, साबुदाणा वडा आणि पियूष. हे नाटकाच्या आधी जास्त बरं, जेवणाची जागा नाही ती. साबुदाणा वडा आणि वर पियूष घेऊन कोणी नाटकात झोपलं तर मला बोल लावू नका.

मासे खाणारे असाल तर सिंधुदुर्ग. मालवणी जेवण, बोंबील फ्राय, सुरमई, सोलकढी, तांदळाची भाकरी. जोडप्यातला एक शाकाहारी असेल (आमच्याकडे शनिवारी तसंच असतं, त्याचा उपवास) तर असं करा, नाटकाआधी शाकाहाऱ्याच्या आवडीचं खा आणि नंतर माशांचं, किंवा उलट, म्हणजे कोणी रुसत नाही. चायनीज वगैरे हवंच असेल तर शिवाजी पार्कला जिप्सी आहे, तिथे जरा निवांत बसता येतं.

दादर जमलं की दुसरं माटुंगा. आता इथे नीट ऐका, माटुंगे दोन आहेत. यशवंत नाट्य मंदिर, म्हणजे नाट्य परिषदेचं थिएटर, ते पश्चिमेला, वेस्टर्न लाईनच्या माटुंगा रोड स्टेशनजवळ. आणि सगळी प्रसिद्ध साऊथ इंडियन हॉटेलं पूर्वेला, सेंट्रलच्या माटुंगा स्टेशनच्या बाजूला. दोन्ही स्टेशनांना जोडणारा झेड ब्रिज आहे, त्यावरून चालत पलीकडे जायचं, टॅक्सी करत बसू नका. पलीकडे कॅफे मद्रास, १९४० पासून, सोमवारी बंद, बाकी दिवस बाहेर गर्दी. आणि स्टेशनला लागून रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून, केळीच्या पानावर पोटभर जेवण. रविवारी संध्याकाळी जायचं तर आधी फोन करून विचारा. माझं मत विचाराल तर नाटकानंतर डोसा आणि फिल्टर कॉफी याला तोड नाही, हलकं असतं आणि बिल बघून धक्का बसत नाही.

प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर, सिद्धिविनायकाच्या जवळच, नूतनीकरण होऊन २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. मेट्रोचं सिद्धिविनायक स्टेशन आहे. मंगळवारी तिकडे जायचं असेल तर देवळाची गर्दी धरून निघा, बस्स.

बाकीची थोडक्यात. पार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, गिरगावात साहित्य संघ, वाशीला विष्णुदास भावे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, कल्याणला अत्रे. जवळचं असेल तिथे जा. साहित्य संघाला गेलात तर ठाकुरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खा. ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, १९७८ सालचं, तलावपाळीला लागून, आणि ठाणेकर जोडप्यांचं मला जरा असूयाच वाटण्याइतकं बरं आहे, नाटक सुटलं की समोर तळं, फेरी मारायची, काहीतरी चटकमटक खायचं, घरी. मामलेदार मिसळ पण जवळच, पण तिखट सोसत असेल तरच, नाटकाआधी नकोच.

आणि पृथ्वी. जुहूचं पृथ्वी थिएटर, १९७८ पासून, छोटं, साधारण दोनशे माणसांचं, तिन्ही बाजूंना प्रेक्षक आणि मधे नट, इतके जवळ की त्यांच्या कपाळावरचा घाम दिसतो. हिंदी-इंग्रजी जास्त, मराठी अधूनमधून. तिथले नियम कडक, उशीर झाला तर आत सोडत नाहीत, अगदी खरंच नाही सोडत, तिकीट दाखवून वाद घालून उपयोग नाही. सीट नंबर नसतात, रांगेत आधी उभं राहील त्याला चांगली जागा. सोमवारी बंद. बाहेरचं कॅफे हे निम्म्या लोकांचं यायचं खरं कारण असतं. तिकडे नाटकाच्या तासभर आधी पोचा, एकजण रांगेत आणि एकजण कॅफेत.

नाटकाच्या दिवशी

कपड्यांचा काही नियम नाही, जीन्सवर पण लोक येतात आणि पैठणी नेसून पण. पण एक शाल किंवा ओढणी जवळ ठेवा, एसी कधी बंद पडल्यासारखा तर कधी काश्मीर. दादरला जाणार असाल तर स्टेशनबाहेर फुलवाल्यांकडून गजरा घ्या. नवऱ्यांनो, हे आठवण करून द्यायला लावू नका. मात्र उग्र परफ्यूम टाळा, अडीच तास शेजारच्याला पळता येत नाही.

अर्धा तास आधी पोचा. चाळीस मिनिटं असतील तर छबिलदास शाळेच्या गल्लीत आयडियलमध्ये पुस्तकं चाळा, आणि जाता जाता त्या शाळेकडे एक नजर टाका, सत्तरच्या दशकात मराठी प्रायोगिक नाटकाची मोठी चळवळ त्या शाळेच्या हॉलमध्ये उभी राहिली होती. आत जायच्या आधी मोबाईल सायलेंट नाही, बंदच करा. व्हायब्रेशनचा आवाज पण ऐकू येतो, शांत प्रवेशात तर फारच. प्लॅस्टिकच्या पिशव्या मांडीवर ठेवू नका, चुरचुर आवाज येतो. वेफर्स तर पर्समध्येच राहू देत.

तिसरी घंटा झाली की आत असायलाच हवं. पहिली घंटा झाली की बाहेरचे लोक चहा संपवतात, दुसरीला आत येतात आणि तिसरीला अंधार. त्यानंतर टॉर्च मारत सीट शोधणाऱ्यांकडे सगळं थिएटर कसं बघतं ते एकदा बघाल तर कधी उशीर करणार नाही.

फोटो, व्हिडिओ अजिबात नको. कर्टन कॉलला, म्हणजे शेवटी सगळे नट रांगेत उभे राहतात तेव्हा, काही नाटकवाले स्वतःच सांगतात की आता फोटो काढा, तेव्हा काढा.

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. इथे जोडप्याने टीमवर्क करायचं. पडदा पडताच एकाने बटाटावड्याच्या रांगेत, दुसऱ्याने बाथरूमच्या रांगेत, मग अदलाबदल. बायकांच्या बाथरूमची रांग नेहमी मोठी असते त्यामुळे वड्याची जबाबदारी बहुतेक नवऱ्याकडे येते. मध्यंतराचा बटाटावडा आणि चहा हा अर्धा नाटकाचा भाग आहे असं समजा, वडा घरच्यासारखा नसतो, तेलकट असतो, तरी खायचाच. पण एकच घ्या. पुढे जेवायचंय.

अजून एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना माहीत नसते. नाटक आवडलं तर प्रयोगानंतर स्टेजच्या मागे जाऊन कलाकारांना भेटता येतं, मराठी नाटकात ही रीतच आहे. दारावरच्या माणसाला विचारायचं, थोडं थांबायचं, आत रंगपटात गेल्यावर दोन वाक्यात सांगायचं काय आवडलं, आणि निघायचं. सेल्फी एक चालते. ती माणसं घामाने भिजलेली असतात, मेकअप उतरवत असतात, रात्री दुसरीकडे प्रयोग असेल तर बस खाली उभी असते, तेव्हा तिथे मालिकेत तुमचं कॅरेक्टर का मेलं वगैरे विचारू नका.

जेवण आणि गप्पा

नाटक संपल्या संपल्या "कसं वाटलं" हे विचारू नका. हा माझा आग्रह आहे. जिन्यात, गर्दीत, दोघांपैकी एक "ठीक होतं" म्हणतो आणि दुसऱ्याला ते लागतं, कारण त्याला फार आवडलेलं असतं. हॉटेलपर्यंत चाला, बसा, ऑर्डर द्या, मग सुरू करा. आधी नटांबद्दल बोला, मग गोष्टीबद्दल, आणि नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक असेल तर स्टेजवरच्या नवऱ्याची बाजू कोणी घ्यायची ते घरी ठरवूनच निघा.

मराठी हॉटेलांत एक अडचण असते, जेवण झालं की बसू देत नाहीत. बाहेर माणसं उभी असतात, वेटर पाणी विचारायच्या निमित्ताने बिल ठेवतो. त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून गप्पांसाठी जागा वेगळी ठेवा. दादरला असाल तर शिवाजी पार्कचा कट्टा, गोल फेरी मारायची आणि मग कट्ट्यावर बसायचं, तिथे कोणी उठवत नाही. आजूबाजूला बाकीची जोडपी, आजोबा मंडळी, क्रिकेटवाली पोरं, सगळ्यांचं आपापलं चालू असतं. फक्त ६ डिसेंबरच्या आसपास दादरचा बेत करू नका, महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि रस्ते बदललेले असतात. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि दिवाळीची खरेदी, तेव्हाही दादर टाळून पार्ले किंवा ठाणे घ्या.

खर्चाचं विचाराल तर तिकीट साधारण तीनशे ते पाचशे, बाल्कनी त्याहून कमी, मोठ्या नटांच्या नाटकाला जास्त पण. मध्यंतराचं शंभर-दीडशे. शाकाहारी मराठी जेवण दोघांचं सहा-सातशेत होतं, मासे खाल्ले तर दीड हजाराच्या वर तयारी ठेवा, पापलेट घेतलं तर अजून वर. महिन्यातून एकदा परवडतं. दोनदा जायचं असेल तर एकदा बाल्कनी आणि डोसा.

हाऊसफुल्ल लागला तर

हाऊसफुल्लचा बोर्ड बघून लगेच परत फिरू नका. प्रयोगाच्या तासभर आधी खिडकीवर जाऊन विचारा, परत आलेली किंवा न उचललेली तिकिटं असतात, दोनच हवी असली की मिळायची शक्यता बरी, चार जणांना अवघड. दोन वेगवेगळ्या रांगांत मिळाली तरी घ्या, मध्यंतरात भेटता येतं. बाहेर कोणीतरी "एक्स्ट्रा आहे का" विचारत फिरत असतो, त्याच्याआधी खिडकी गाठा.

आणि कोणी नट आजारी पडला किंवा पावसात ट्रेन बंद पडल्या म्हणून प्रयोगच रद्द झाला, तर ऑनलाईनचे पैसे परत येतात, खिडकीवरचं तिकीट मात्र जपून ठेवा, ते दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. पावसाळ्यात निघायच्या आधी थिएटरला एक फोन करा. प्रयोग नसला तरी तुम्ही दादरला पोचलाच असाल तर साडेचारला आस्वादमध्ये रांग नसते.